गोव्याचा 'चितळे' का झाला नाही? खाजं, काजू आणि जत्रेवर चालणारा धंदा

अंत्रुजकर

उसगावला नेस्लेचा कारखाना १९९५ पासून आहे. आपण खातो त्या किटकॅटचा बराचसा माल तिथूनच निघतो. दोन वर्षांनी त्यांनी डिचोलीतही कारखाना टाकला. म्हणजे स्वित्झर्लंडच्या कंपनीला फोंडा महालात, म्हणजे तालुक्यात, बसून देशभर खाऊ पुरवता येतो. आणि त्याच फोंडा महालातलं आपलं खाजं, म्हणजे गुळाच्या पाकात घोळलेल्या बेसनाच्या तळलेल्या काड्या, म्हार्दोळच्या जत्रेतून फार तर ठाण्याच्या मावशीपर्यंत जातं, तेही कुणी पिशवीत घालून नेलं तर.

गेले काही दिवस मी फरसाणवाल्या कंपन्यांचे इतिहास वाचतोय. छंद म्हणा. चितळ्यांचं मूळ भिलवडीच्या दुधात. भास्कर गणेश चितळ्यांनी १९३९ साली सांगलीकडे डेअरी सुरू केली, पुण्यात मिठाईचं दुकान आलं १९५० साली, आणि ज्या बाकरवडीनं नाव झालं ती सत्तरच्या दशकातली. म्हणजे आधी दूध, मग दुकान, मग बाकरवडी. बालाजी वेफर्सची कथा आणखी मजेशीर. राजकोटला अॅस्ट्रॉन नावाचं थिएटर, तिथल्या कँटीनमध्ये विराणी भाऊ कामाला लागले ते १९७४ साली. बाहेरून येणारे वेफर्स वेळेवर येईनात, म्हणून १९८२ साली घराच्या अंगणात स्वतःच तळायला घेतले. हल्दीराम तर बिकानेरच्या गल्लीतल्या भुजियाच्या दुकानातून निघून कोलकाता, नागपूर, दिल्ली असं पसरत गेलं.

तिघांत एक गोष्ट सारखी दिसते. गिऱ्हाईक रोज येतं. आज शेव जाड झाली की उद्या गिऱ्हाईक तोंडावर सांगतं, परवा झारा बदलतो. असं वर्षाचे बारा महिने चालतं, त्यातून माल एकसारखा होतो, आणि एकसारखा माल झाला की पाकिटात भरता येतो.

आपल्या खाजेवाल्याचं गिऱ्हाईक तिथीला येतं. कार्तिकात मडगावची दिंडी, पौषात फातर्प्याची कुंकळ्ळीकरीण आणि म्हापशाचा बोडगेश्वर, माघात मंगेशी आणि म्हार्दोळ, वैशाखात शिरगावची लईराई, श्रावणात वास्कोचा सप्ताह. मध्ये फेस्तं आहेतच, ३ डिसेंबरला जुनं गोवं, ८ ला पणजी, ईस्टरनंतर म्हापशाचं मिलाग्रीस. गिऱ्हाईक दर ठिकाणी नवं, आणि ते खाजं विकत घेतं ते देवाला जाऊन आल्याची खूण म्हणून. घरी पोचल्यावर शेजारीण चव विचारत नाही, "खाजें हाडलें?" (खाजं आणलं का?) एवढंच विचारते.

म्हणून माझा मुद्दा असा की गोव्यात खाऊची कंपनी झाली नाही याचं कारण आळस नाही. आपल्याकडे विक्रीची व्यवस्था आधीच तयार होती, तिचं नाव जत्रा. ज्याला वर्षभराची फेरी आखून मिळते त्याला दुकान, एजंट, जाहिरात यांची गरजच पडत नाही. पटतंय का? नसेल पटत तर हाणा.

पुणेकर_पणजीत

दुपारी एक ते चार बंद ठेवायची चितळ्यांची जुनी पद्धत तुमच्या अख्ख्या राज्यानं उचलली. धंदा तेवढा उचलायचा राहिला.

(हलकं घ्या. आता पणजीतच राहतो, बायको दिवाडीची आहे, मार खाईन.)

अंत्रुजकर

@पुणेकर, ही पद्धत चितळ्यांनी आमच्याकडून नेली असंही म्हणता येईल. चालू द्या.

बार्देसचा

मूळ लेख छान, पण मुद्दा अर्धाच. खाऊची कंपनी झाली नाही हे चूक, काजूच्या झाल्या की. म्हापसा, डिचोली, पणजी कुठंही जा, काजूची दुकानं आहेत, पाकिटं आहेत, पाट्या आहेत, विमानतळावर गाळे आहेत. गोव्याचा पाकीटबंद खाऊ म्हणजे काजू. तुम्ही खाज्यात अडकलात.

झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं, हे शाळेत शिकलोच. बी फोडून गर विकण्याचा कारखानदारी धंदा मात्र विसाव्या शतकातला. बी भाजायची किंवा वाफवायची, टरफल फोडायचं, सोलायचं, मग प्रतवारी. टरफलातल्या तेलानं कातडी जळते, म्हणून फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल लावून बसत. ही बायकांची मजुरी हाच त्या धंद्याचा खरा पाया होता, आणि तिचा उल्लेख कुठल्याच पाकिटावर नसतो.

प्रतवारीचं गणित ठाऊक असलेलं बरं, दुकानात फसगत कमी होते. डब्ल्यू-१८०, २१०, २४०, ३२० हे आकडे म्हणजे एका पौंडात किती अख्खे गर बसतात ते. आकडा लहान तेवढा गर मोठा. पर्यटकाला ३२० दाखवून 'सर, बेस्ट क्वालिटी' म्हणणारे भरपूर आहेत.

आणि काजू कंपनीला झेपला, खाजं झेपलं नाही, याचं कारण जत्रा नव्हे. काजू सुका असतो, टिकतो, मोजता येतो, आणि लिस्बनपासून लंडनपर्यंत सगळे ओळखतात. खाजं बाहेरच्या कुणाला माहीत आहे?

अवांतर: आता गोव्यात फुटणाऱ्या बियांपैकी कितीतरी माल आफ्रिकेतून येतो. स्थानिक बी पुरत नाही. २०२३ साली गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच भानगडीमुळे, कुठलाही गर 'गोवा काजू' म्हणून खपत होता.

पीठमीठ

मी वेर्ण्याला एका खाद्यपदार्थाच्या कारखान्यात गुणवत्ता बघते. नाव सांगणार नाही. बार्देसचा यांच्या 'टिकतो' या शब्दाला धरून थोडं लिहिते, कारण मला वाटतं खरी गोम तिथं आहे आणि ती इथं कुणी बोललं नाही.

खाजं म्हणजे काय? बेसनाची जाड काडी तळायची. गुळाचा पाक गोळीबंद करायचा, त्यात आलं आणि तीळ. मग काड्या पाकात टाकून हलवत राहायचं, थांबायचं नाही, इतकं की पाक सुकून काडीवर खरखरीत पांढुरका थर बसेल. करणारा हात थांबला की गोळा. जास्त हलवलं की थर सुटून कढईत भुगा. पांढरं खाजं साखरेचं, तपकिरी गुळाचं.

आता हे पाकिटात घाला. गुळात साखरेशिवाय ग्लुकोज-फ्रुक्टोजही असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. गोव्याची हवा जूनपासून ओलीच. बाहेरचा थर आधी चिकट होतो, ते पाणी आतल्या तळलेल्या काडीत जातं, काडी मऊ पडते. म्हणजे एकाच पदार्थात दोन भाग, एकाला कोरडं राहायचंय आणि दुसऱ्याला पाणी हवंय. बटाट्याच्या वेफर्सचं असं नसतं. तो पूर्ण कोरडा, नायट्रोजन भरा, चंदेरी पिशवी लावा, झालं. बाकरवडीही आतून-बाहेरून कोरडी. चितळ्यांना बाकरवडी सापडली हे त्यांचं नशीब आणि त्यांची अक्कल दोन्ही, कारण ती टिकण्यासाठीच जन्मल्यासारखी आहे.

शिवाय तीळ आणि तळणीचं तेल, दोन्ही खवट होणारे. आणि गूळ दर खेपेला वेगळा. कोल्हापूरचा एक लॉट असा येतो की पाक सुंदर रवाळ होतो, दुसरा येतो तो चिकटच राहतो. कारखान्यात गुळाच्या जागी साखर घ्यावीशी वाटते ती यामुळे. साखरेचं खाजं खरंच जास्त टिकतं. पण जत्रेत बघा, हात आधी तपकिरी ढिगाकडे जातो.

यंत्रानं होईल का? काडी पाडायला अडचण नाही, शेव पाडणारी यंत्रं आहेत. थर चढवायला फिरती कढई मिळते, साखरेचे शेंगदाणे तिच्यातच होतात. अडतं ते गुळाशी. अशक्य नाही, पण पैसे आणि एक-दोन वर्षांची नासाडी सोसणारा मालक लागेल.

पुणेकर_पणजीत

वाचनखूण साठवली. असले प्रतिसाद यायचे म्हणून अजून इथं येतो.

खाजेवाल्यांची_सून

मी सहसा लिहीत नाही, वाचते. पण इथं आमच्या घरावरच चर्चा चाललीय म्हणून लिहिते.

अंत्रुजकरभाऊ, जत्रा ही तयार व्यवस्था आहे असं तुम्ही म्हणता, ते दुरून बघणाऱ्याचं म्हणणं. गाडा लावायला जागा पाहिजे, जागेसाठी सोपो, म्हणजे जागेची पट्टी, भरायचा, कुठं पंचायत घेते, कुठं देवस्थान समिती, कुठं पालिका. एका ठिकाणी तर जागेची आखणी झाल्यावर आदल्या संध्याकाळी आमचा कोपरा प्लास्टिकच्या खेळण्यांना दिला. गाव सांगत नाही, पुढल्या साली परत जायचंय तिथं.

आमच्या सासऱ्यांच्या वेळी माल जागेवर व्हायचा. चूल मांडायची, काहील चढवायची, गिऱ्हाईक बघत उभं. आता बराच माल घरी करून नेतो. जत्रेच्या आधीच्या दोन-तीन रात्री घरात कुणी झोपत नाही. काडी पाडणं मुलं करतात, तळणं नवरा आणि दीर, पाकाला सासूबाई. पाकाला दुसरं कुणी उभं राहिलेलं त्यांना चालत नाही आणि त्यांच्यानंतर कोण हे आम्ही कुणी बोलत नाही.

पीठमीठताई, तुम्ही लिहिलंत ते बरोबर. एवढंच सांगते की सासूबाई गूळ घेताना ढेप फोडून जिभेवर ठेवतात आणि मग ठरवतात. दुकानदार आता त्यांना बघितलं की स्वतःच बरी ढेप काढून ठेवतो.

पाटी आमच्या गाड्यावर कधीच नव्हती. एका ओळीत तीन-चार घरं बसतात, सगळे ओळखीचे, कुणाचे तरी सोयरे. माल जवळजवळ तोच. तरी गिऱ्हाईक जागा धरून येतं. एक बाई फातर्प्याला येते, तिची आईही आमच्याकडूनच न्यायची. ती आमचं नाव विचारत नाही आणि आम्हालाही तिचं ठाऊक नाही.

दुकान घालायचा विचार नवऱ्यानं केला होता. भाडं दर महिन्याला द्यावं लागतं आणि खाजं दर महिन्याला कोण खाणार? घरात वाढदिवस झाला तर केक आणतात. खाजं जत्रेतनंच खायचं असतं, रोज मिळायला लागलं तर घेतील का, मला शंका आहे. पावसात तर वास्कोचा सप्ताह सोडला तर चार महिने काहील उपडीच. तेव्हा नवरा रंगकाम करतो.

आणि मुलगा? तो आयटीआय करतोय. उसगावच्या त्याच कारखान्यात लागला तर बरं, असं आम्हाला वाटतं. लिहिलंय ते खरं लिहिलंय.

अंत्रुजकर

ताई, असा प्रतिसाद येईल असं वाटलं नव्हतं. सोप्याचा मुद्दा माझ्या मांडणीत असायलाच हवा. गाड्याचं भाडं दुकानापेक्षा कमी पडतं हे मी गृहीतच धरलं होतं.

मालवणचा_वारा

हे सगळं वाचून गंमत वाटली. आमच्याकडे तोच पदार्थ, खाजा. गूळ, आलं, बेसन. आंगणेवाडीच्या जत्रेत ढिगानं. पण आमचा खाजा जत्रेत अडकला नाही हो! मालवणच्या बाजारात बारमाही मिळतो, सावंतवाडीत मिळतो, दादरला कोकणी मालाच्या दुकानात मिळतो, आता घरपोचही मिळतो. त्याच पाकाचा, त्याच चिकट हवेतला.

फरक चाकरमान्यांचा. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात मुंबईहून माणूस येतो आणि जाताना शेजाऱ्यांसाठी, हापिसातल्या लोकांसाठी पिशव्या भरून नेतो. त्याला जत्रेची तिथी सांभाळता येत नाही, त्याला रजेच्या तारखांत माल हवा. म्हणून दुकानं झाली. दुकानदारानं मग पिशवीवर आपलं नाव छापलं. कंपनी म्हणा, न म्हणा.

आणि खाज्याचं भौगोलिक मानांकन तुम्ही घेऊन बसलात! खाजा काय फक्त गोव्याचा?

बार्देसचा

मानांकन 'गोव्याचं खाजं' या नावाला आहे. मालवणच्या खाजाला कुणी अडवलेलं नाही, अडवताही येणार नाही. तुम्हीही अर्ज करा, नोंदणी चेन्नईला होते. गोव्याला पहिलं मानांकन २००९ साली फेणीचं मिळालं. खाज्याचं बेबिंकेच्या (आमचा थराथरांचा गोड केक) आधी झालं, बेबिंक २०२३ ला.

पण खरं विचाराल तर शिक्का मिळून गाड्यावर काय बदललं? कायद्यानं उत्पादकानं अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करायची असते, तरच शिक्का वापरता येतो. आणि दहा वर्षांनी नूतनीकरण. ताई, तुमच्याकडे कुणी आलं होतं का यासाठी?

खाजेवाल्यांची_सून

नवरा एका बैठकीला गेला होता. चहा आणि बिस्किटं होती.

पुणेकर_पणजीत

खाज्याच्या बैठकीला बिस्किटं! इथंच धाग्याचं उत्तर मिळालं.

सासष्टीतला

मालवणकरांच्या चाकरमान्यावरून एक विचार आला. मुंबईला गोव्यातूनही पुष्कळ माणसं गेली. धोबीतलावला, माझगावला गावोगावच्या कूडी होत्या, जहाजावर जाणारा तारवटी बोट लागेपर्यंत तिथं राहायचा. मग त्यांच्यासाठी खाऊचं दुकान का झालं नाही?

माझं म्हणणं, गोव्यानं पाकीट बाहेर पाठवलं नाही, कारागीर पाठवला. आमच्या सासष्टीतला पोदेर, म्हणजे पाववाला, बघा. पाव पोर्तुगीजांबरोबर आला, यीस्ट नव्हतं म्हणून माडाची सूर घालून पीठ फुगवलं, आणि माजोर्ड्याच्या लोकांनी हे काम पहिल्यांदा उचललं असं आमच्याकडे सगळे सांगतात. तिथून पोदेर मुंबईला गेले, बेकऱ्या काढल्या. बोटींवर, हॉटेलांत गोंयकार कुक गेले. पदार्थाचं तंत्र माणसाच्या हातातून गेलं, नाव मात्र मागे राहिलं. मुंबईत पाव खाणाऱ्या कुणाला माजोर्डा माहीत आहे?

गावातही पोदेराची कंपनी झाली नाही. सकाळ-संध्याकाळ सायकल, भोंगा, टोपलीत पोळी, उंडे, कातरे, कांकणं. दोन वाड्यांचं गिऱ्हाईक एका पोदेराचं, दुसरा तिथं येत नाही. हे ताईंच्या ओळीतल्या जागेसारखंच झालं. जत्रा असो वा फेस्त, तुमचं खाजं आणि आमच्या फेस्तातलं काड्यो-बोड्यो शेजारी-शेजारीच विकलं जातं.

पणजीत काही दुकानं शंभरीच्या आसपास आहेत. कॅफे टाटो भाजी-पावासाठी, फोंतेन्यांतलं ३१ जानेवारीच्या नावाचं कॉन्फेतारिया १९३० पासून केक आणि बिस्किटांसाठी. टिकली, नाव कमावलं. गोव्याबाहेर शाखा काढायचा सोस मात्र कुणाला झाला नाही. मला व्यक्तिशः त्यात काही वाईट दिसत नाही, पण हा धागा कंपन्यांचा आहे म्हणून गप्प बसतो.

आपा_निवृत्त

मंडळी, मी बँकेत कर्जविभागात आयुष्य काढलं, म्हणून पैशाच्या बाजूनं थोडं.

पहिलं म्हणजे ज्या काळात चितळे पुण्यात दुकान घालत होते त्या काळात गोवा दुसऱ्या देशात होता. १९५५ साली भारतानं आर्थिक कोंडी केली, रेल्वे बंद, घाटावरचा माल बंद. बटाटे हॉलंडहून यायचे, तांदूळ ब्रह्मदेश-पाकिस्तानातून. मी शाळकरी होतो, हॉलंडचे बटाटे मला आठवतात, गोल गुळगुळीत. आता विचार करा, खाज्याला चणाडाळ पाहिजे आणि गूळ पाहिजे, दोन्ही घाटावरचं. गोव्यात चणा पिकत नाही, ऊसही नावापुरता. राजकोटवाल्याला बटाटा गुजरातेतच मिळत होता. आपल्याला कच्च्या मालासाठीच सीमा ओलांडायची आणि तयार मालाला बाजारही सीमेपलीकडेच. १९६१ च्या डिसेंबरात सीमा गेली, पण तोवर चितळ्यांसारखे दहा-बारा वर्षं पुढे गेलेले.

दुसरं, आणि मला हे जास्त मोठं वाटतं. गोव्यात पैसा नव्हता असं नाही, तो खनिजात गेला. पन्नाशीच्या सुरुवातीपासून लोहखनिज जपानला जायला लागलं. चौगुले, धेंपे, साळगावकर, तिंबले, ही घराणी त्यातून उभी राहिली. ज्याच्याकडे भांडवल, बोटी, वकील आणि परदेशातली पत्रव्यवहाराची ओळख होती तो मातीचे ढीग जहाजात भरत होता. त्याला बेसनाच्या काडीत काय रस असणार? राजकोटला किंवा बिकानेरला जमिनीखालून एवढा पैसा निघत नव्हता, तिथल्या हुशार पोरानं शेव-वेफर्सच काढले.

तिसरं, लोकसंख्या. २०११ च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख. एकट्या पुणे शहरात त्याच्या दुप्पट. एवढ्याशा बाजारावर कारखाना उभा राहत नाही, पहिल्या दिवसापासून बाहेर विकावं लागतं. काजूवाल्यांना ते जमलं कारण काजूला आधीच परदेशी गिऱ्हाईक होतं.

कर्जाची फाइल माझ्याकडे खाजेवाल्याची कधी आली नाही. काजूवाल्यांच्या आल्या, बेकरीवाल्यांच्या आल्या, फरसाणवाल्यांच्या आल्या, ते सगळे राजस्थानचे. कोकण रेल्वे ९८ साली पूर्ण सुरू झाली, त्यानंतर तर प्रत्येक गावच्या तिठ्यावर एकेक फरसाणवाला आला. ते लोक हिशेब चोख ठेवत, हप्ता चुकत नसे.

पुणेकर_पणजीत

आपा, दंडवत. खनिजाचा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

अंत्रुजकर

आपांच्या तीन मुद्द्यांपुढे माझी जत्रेची मांडणी जरा हलकी झाली हे खरं, पण मी ती पूर्ण सोडत नाही. बिकानेरही आडबाजूलाच, पाणी कमी, पीक जेमतेम. तिथला भुजिया देशभर गेला तो कोलकात्याला गेलेल्या मारवाड्यांच्या मागोमाग. म्हणजे मालवणकर म्हणतात तेच, परगावी राहणारा गाववाला हा पहिला बाजार. आमचा गाववाला मुंबईला, लिस्बनला, आखातात गेला. तो परत येतो केव्हा? जत्रेला किंवा फेस्ताला. त्याला खाजं तिथंच मिळतं. दुकानाची गरज लागली नाही याचं कारण परत जत्रेकडेच येतं.

आता एक नवा बाजार समोर आहे आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. वर्षाला कोटीच्या घरात पर्यटक येतात. ते काजू नेतात, फेणी नेतात, बेबिंक नेतात. खाजं का नेत नाहीत? कारण ते कळंगुट-बागाला असतात आणि खाजं फातर्प्याला. मोपाला विमान पकडताना बेबिंकेचा डबा दिसतो, खाज्याची पुडी दिसत नाही.

पीठमीठ

बेबिंकेला अंडं, नारळाचं दूध, तूप आणि साखर भरपूर, नीट बंद केली तर टिकते, आणि कापून दाखवता येते. खाज्याचं मात्र रूप तसं साधंच. पाव-पाव किलोची घट्ट बंद पिशवी, आत ओल शोषणारी पुडी आणि 'उघडल्यावर दोन दिवसांत संपवा' असं छापलं तर डिसेंबर ते मे अवघड नाही. पावसाळा सोडून द्यायचा. बारमाही विकलंच पाहिजे असं कुणी सांगितलंय? आंबा कुठं बारमाही मिळतो.

सासष्टीतला

+१. हंगामी कंपनी!

मालवणचा_वारा

बचत गटांना द्या. आमच्याकडे बरंचसं तिथूनच चालतं.

बार्देसचा

आपल्याकडेही आहेत की. पणजीच्या अष्टमीच्या फेरीत, चतुर्थीच्या बाजारात नेवऱ्या, लाडू, चिवडा बचत गटांच्याच बायका विकतात. बागायतदार संस्थेच्या दुकानांत सोलं, पापड, काजू मिळतात, तिथं खाजं ठेवलं तर अर्धं काम झालं, एजंट नको, जाहिरात नको. पण खाजं बचत गटात होत नाही, ते ठरावीक घरांचंच काम आहे. शिकवणार कोण आणि का?

खाजेवाल्यांची_सून

का, हे बरोबर विचारलंत. शिकवलं तर फातर्प्याला आमच्या ओळीत आणखी दहा गाडे येतील.

आणि कंपनीबद्दल सगळे बोलताय म्हणून विचारते. दिवसाला किती किलो लागेल? आमच्या एका काहिलीत एका वेळी जेवढं होतं त्याहून जास्त घेतलं तर पाक लागत नाही. मग काहिली वाढवायच्या, म्हणजे पाकाला उभी राहणारी माणसं वाढवायची. तशी माणसं आमच्या चार घरांत मिळून हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच, आणि त्यांतली निम्मी साठीच्या पुढची. आपा कर्ज देतील, पीठमीठताई पिशवी सांगतील. पाक कोण करणार ते आधी ठरवा.

आपा_निवृत्त

बाय, मी निवृत्त झालो, आता कर्ज देत नाही. पण प्रश्न तुझा बरोबर आहे. आमच्या फाइलीत 'कुशल मनुष्यबळ' असा एक रकाना असायचा, तिथं सगळे 'उपलब्ध' असं लिहून मोकळे व्हायचे.

पीठमीठ

ताई, राग मानू नका, पण तुमच्या सासूबाई पाक करत असताना मला एकदा शेजारी उभं राहू द्याल? थर्मामीटर घेऊन येईन, हात लावणार नाही. त्या कुठल्या क्षणाला काड्या टाकतात आणि तेव्हा पाक किती अंशावर असतो एवढंच टिपायचंय. दोन-तीन वेगवेगळ्या गुळांवर टिपलं तर पुढच्या माणसाला शिकवणं सोपं जाईल, तो माणूस तुमच्याच घरातला असला तरी. शिवाय पाव किलो पाठवलंत तर किती दिवसांत किती पाणी ओढतं ते मोजून सांगते. कुरिअरचे पैसे मी देईन.

खाजेवाल्यांची_सून

सासूबाईंना वाचून दाखवलं. थर्मामीटर म्हणजे तापाचा का, असं विचारलं त्यांनी. मग म्हणाल्या येऊ दे, पण अंघोळ करून ये म्हणावं, काहिलीजवळ उभं राहायचंय.

कुरिअर नको. फातर्प्याच्या जत्रेला या, देवळाकडे जाताना डाव्या हाताला चार गाडे लागतात, त्यातला दुसरा. पैसे मात्र द्यावे लागतील, पाव किलोच्या खाली देत नाही.

पुणेकर_पणजीत

मीही येतो. दुपारी एक ते चार गाडा उघडा असतो ना?